घडलेलं लिहून झालं, तरी कथा का होत नाही?

प्रश्न असा आहे: ‘माझ्याजवळ अनुभव आहेत, भाषा बरी आहे. दिवाळी अंकांना तीन-चार कथा पाठवल्या. एका संपादकांचं उत्तर आलं, “लेखन चांगलं आहे, पण कथा होत नाही.” घडलेल्या गोष्टीची कथा कशी करायची, हे पायरीपायरीनं सांगाल का?’

हा शेरा मिळालेल्या कथा वाचल्या तर बहुतेकांत एकच उणीव सापडते. माणसं असतात, प्रसंग असतात, वर्णनं तर भरपूर असतात. पण साऱ्या कथेत कुणालाही काही ठरवावं लागत नाही. एक झालं, मग दुसरं झालं, मग वाईट वाटलं. वाचक शेवटच्या ओळीवर येऊन ‘बरं, मग?’ म्हणतो. म्हणून काम सुरू करायचं ते इथून: कुणाला काय हवंय, वाटेत कोण उभं आहे आणि अखेर त्या माणसाला काय निवडावं लागतं. भाषा, वातावरण, बोली यांचा विचार त्यानंतर.

नुसती तत्त्वं सांगून हे हाताला लागत नाही, म्हणून एक कथा उभी करू. विषय घेऊ महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांत होऊन गेलेला: बहिणीनं भावाला हक्कसोडपत्र, म्हणजे वारशातला आपला हिस्सा सोडल्याचा दस्त, करून देणं. सुमन, वय 52, पुण्याजवळ निगडीत राहते. माहेर बार्शी तालुक्यात. वडील पूर्वीच गेले, आई सहा महिन्यांपूर्वी गेली. वारसनोंद होऊन सातबाऱ्यावर भावाबरोबर सुमनचंही नाव लागलं. धाकट्या भावाचा, दिगंबरचा फोन येतो, ‘आक्का, सोमवारी ये, सही करून जा.’ ती जाते, सही करते, भावानं दिलेली साडी घेऊन परत येते.

नवा लेखक याचा पहिला मसुदा साधारण असा लिहितो: एसटीचा प्रवास, खिडकीतून मागं पळणारी शेतं, बालपण, आईच्या हातची भाकरी, ऑफिस, सही, परतीचा प्रवास, डोळ्यांत पाणी. तीन हजार शब्द सहज भरतात. त्यातला प्रत्येक शब्द खरा असू शकतो. तरी कथा होत नाही, कारण सुमनला काय हवं होतं हे लेखकानं स्वतःलाच विचारलेलं नसतं.

ते विचारलं की पहिलं उत्तर हमखास मोठं येतं: ‘तिला न्याय हवा आहे’, ‘तिला सन्मान हवा आहे’. ही उत्तरं कथेत उपयोगाची नाहीत, कारण न्याय मिळाला की नाही हे शेजारी बसलेल्या माणसाला दिसत नाही. हवं असलेलं इतकं ठोस पाहिजे की ते मिळालं की नाही हे त्या खोलीतल्या तिऱ्हाइतालाही कळावं. ‘तिला जमीन हवी आहे’ हे ठोस आहे, पण मग कथा वकील आणि कोर्टाच्या तारखांकडे ओढली जाते आणि तीन हजार शब्दांत मावत नाही. म्हणून असं धरू: सुमनला जमीन नकोच आहे. सही करायचं ती घरूनच ठरवून आली आहे. भावानं एकदा तोंडानं विचारावं, ‘आक्का, देतेस का?’, एवढंच तिला हवंय. त्यानं विचारलं तर वाचकाला ऐकू येईल, नाही विचारलं तर तेही कळेल. आणि इतक्या साध्या गोष्टीसाठी एक बाई दिवसभर ताटकळते यातच ताण आहे.

आता दिगंबर. इथं घाई झाली की तो जमिनीवर डोळा ठेवून बसलेला लबाड भाऊ होतो आणि कथा तिथंच बसते. त्याला कारण द्या, आणि तेही पैशाच्या हिशेबात बसणारं. रस्त्याकडेच्या 60 गुंठ्यांचा, म्हणजे दीड एकराचा, इसार (विक्री ठरवताना मिळणारी आगाऊ रक्कम) त्यानं आधीच घेतला आहे. ते पैसे मुलीच्या नर्सिंगच्या फीला भरून झाले. आक्काला विचारलं आणि ती ‘थांब जरा’ म्हणाली तर इसार परत कुठून करायचा? म्हणून तो विचारायचंच टाळतो. तिला विचारायला हवंय, त्याला विचारणं परवडत नाही. दोघंही वाईट नाहीत, आणि दोघांचं एकाच वेळी साधणार नाही. या जागी पोचलात की अर्धी कथा झाली.

हे जमलंय का हे तपासायची एक पद्धत आहे. दिगंबरच्या तोंडून, ‘मी’ वापरून, त्याची बाजू 150 शब्दांत लिहा. ही कथेत घालायची नाही. लिहिताना तो तुम्हाला पटला पाहिजे. हात अडला, किंवा तो फक्त सबबी सांगतोय असं वाटलं, तर पात्र अजून सापडलेलं नाही. तसंच सुमनच्या दोन्ही वाटांची किंमत दोन ओळींत मांडून ठेवा. सही नाकारली तर माहेर तुटतं, पंचमी आणि भाऊबीज दोन्ही जातात. न विचारता सही केली तर तिथं आपण कुणी होतो का, हा प्रश्न घेऊन परतावं लागतं. दोन वाटांपैकी एक फुकट असेल तर निवड उरत नाही.

यानंतर ठरवायचं की कथा कुणाच्या नजरेनं जाणार. मराठीतल्या नवख्या कथांत सर्वांत जास्त बिघडतं ते इथं. ‘सुमनला वाटलं, भाऊ बदलला. दिगंबरला मनातून अपराधी वाटत होतं.’ दुसऱ्या वाक्यानं सगळं सांडलं. इसाराचं गुपित शोधायची वाचकाला गरजच राहिली नाही, सुमनसोबत अंधारात बसायचं त्याचं कारण संपलं. एक नजर घेतलीत की ती पाळा. सुमनला दिसतं, ऐकू येतं, आठवतं आणि ताडता येतं तेवढंच पानावर येईल. मग इसार वाचकाला कळायचा कसा? जमीन घेणारा माणूसच ओळख पटवायला साक्षीदार म्हणून आलेला असू द्या आणि चहा पिताना तो सहज बोलून जाऊ दे, ‘आज ह्ये उरकलं म्हणजे आमचं बी पुढच्या आठवड्यात मोकळं.’ सुमनच्या हातातला कप थांबतो. दिगंबरचं मन उघडून दाखवायची गरज पडली नाही.

‘मी’ निवेदन सोपं वाटतं, पण पहिल्या पाच-सहा कथांसाठी ते टाळलेलं बरं. ‘मी’ फार समजावतो. ‘मला तेव्हा कळलं नाही, पण आज वाटतं…’ अशी वाक्यं आपोआप येऊ लागतात आणि जे वाचकानं जोडायचं ते निवेदकच जोडून देतो.

सुरुवात कुठून? निवडीच्या जितकं जवळ जाता येईल तिथून. फोन, प्रवास, गावात पोचणं हे सगळं कापा. कथा सुरू होईल तालुक्याच्या दुय्यम निबंधक कार्यालयात, म्हणजे दस्त नोंदवतात तिथं, सकाळी अकराच्या सुमाराला, आणि संपेल दुपारी चारला. एक आवार, एक दिवस. या दोन सुरुवाती शेजारी ठेवून वाचा.

‘पहाटेचे साडेपाच वाजले होते. आकाशात ढग दाटून आले होते. सुमनच्या मनातही विचारांचं काहूर माजलं होतं.’

‘टोकन 14 होतं आणि आत अजून 6 नंबरचा दस्त चालू होता. दिगंबरनं आक्काला बाकावर बसवलं, तिच्या हातात आधार कार्डाची झेरॉक्स दिली आणि स्वतः उभा राहिला. बाकावर जागा होती.’

पहिली सुरुवात कुठल्याही कथेला चालेल, म्हणून ती कुणाचीच नाही. दुसरीत ठिकाण, नातं आणि वाट बघणं तीन वाक्यांत आलं, आणि शेवटच्या तीन शब्दांत काहीतरी बिनसलंय हेही आलं. पहिल्या 150 शब्दांत कोण, कुठं आणि काय खटकतंय ही तिन्ही उत्तरं मिळाली पाहिजेत. अंकासाठी आलेल्या कथांचा ढीग वाचणारा माणूस याहून फार पुढं थांबत नाही, आणि त्याला दोष देता येत नाही.

मागचा काळ आणायचाच असेल तर मराठीच्या क्रियापदांनी त्याची उत्तम सोय करून ठेवली आहे आणि ती फार कमी वापरली जाते. ‘आई दर उन्हाळ्यात कुरडयांचा डबा पाठवायची’ या एका वाक्यात वीस वर्षं बसतात. ‘यंदा डबा आला नाही’ म्हटलं की त्या वीस वर्षांना तडा गेला. ‘-यचा, -यची’ किंवा जुन्या वळणाचं ‘येई, जाई’ हे रूप सवय सांगतं. साधा भूतकाळ प्रसंग सुरू करतो. गडबड होते ती ‘होती’च्या रांगेनं: ‘ती आली होती, बसली होती, म्हणाली होती…’ असं पानभर. वाचकाला सतत आठवण करून दिली जाते की हे आता घडत नाहीये. त्यावर उपाय साधा आहे. आठवणीच्या पहिल्या वाक्यात एकदा ‘होतं’ वापरा, पुढं साध्या भूतकाळात या, आणि बाहेर पडताना समोरच्या एखाद्या आवाजानं किंवा वस्तूनं वर्तमानात परता. तीन हजार शब्दांच्या कथेत अशा आठवणी जास्तीत जास्त तीन, प्रत्येकी 100 ते 120 शब्दांच्या. त्याहून जास्त लागत असतील तर तुम्ही चुकीचा दिवस निवडला आहे.

मांडणीचा अंदाज द्यायचा तर या कथेला पाच प्रसंग पुरतील. आवार, टोकन, बाक: 500 शब्द. त्याच्या शेवटी आतून आवाज येतो, ‘सर्व्हर डाऊन आहे.’ सरकारी कार्यालयात गेलेल्या प्रत्येकाला हे वाक्य ओळखीचं आहे आणि कथेला ते सोन्यासारखं आहे, कारण दोघांना एकमेकांसमोर बसण्यावाचून आता गत्यंतर नाही. मग बाहेरची चहाची टपरी, 700 शब्द. इथं सुमन भावाला विचारायची संधी आडून आडून देते. मग घेणाऱ्या माणसाचं बोलणं आणि तिला इसार कळणं, 800. मग आतला प्रसंग, 600. शेवट 400 किंवा त्याहून कमी. प्रत्येक प्रसंगाच्या सुरुवातीला ‘हा विचारेल’ ही तिची आशा किती होती आणि शेवटी किती उरली, हे समासात पेन्सिलीनं लिहा. दोन्ही सारखी असतील तर तो प्रसंग कितीही सुंदर लिहिलेला असो, जागचा हलत नाहीये. तो काढा किंवा दुसऱ्यात मिसळा.

माहिती काढण्याबद्दल थोडं विस्तारानं सांगायला हवं, कारण त्याला लोक सजावट समजतात. हक्कसोडपत्राची कथा लिहायची तर आधी काळ ठरवा. 1956 च्या हिंदू वारसा कायद्यानं वडिलांच्या वाट्यात मुलीला हिस्सा मिळाला. महाराष्ट्रानं 1994 मध्ये मुलींना एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत सहदायाद, म्हणजे जन्मानंच हिस्सेदार, केलं, पण त्याआधी लग्न झालेल्या मुली त्यातून वगळल्या होत्या. 2005 च्या केंद्रीय दुरुस्तीनं विवाहित मुलींनाही मुलाइतकाच हक्क दिला. म्हणजे हीच कथा 1998 मध्ये घडवली तर सुमनचा हिस्सा वेगळा, भावाची भीती वेगळी आणि दस्त लिहून देणाऱ्या बाँडरायटरचं बोलणंही वेगळं. यातलं एक अक्षर कथेत आलं नाही तरी चालेल. पात्रांना मात्र ते माहीत असलं पाहिजे.

आणि अशा कार्यालयात एक दिवस नुसतं बसून या. दस्त करून देणाऱ्याचा फोटो कॅमेऱ्यात घेतात, यंत्रावर अंगठा घेतात, ओळख पटवायला दोन माणसं लागतात. मग अधिकारी दस्त करून देणाऱ्याला विचारतो की हा दस्त तुम्ही करून दिला आहे, कबूल आहे ना? नोंदणीच्या कायद्याप्रमाणे ही कबुली घ्यावीच लागते. आता सुमनकडे पाहा. सकाळपासून ज्या प्रश्नाची ती भावाकडून वाट बघत होती तो प्रश्न विचारला कुणी, तर टेबलापलीकडच्या परक्या माणसानं, आणि तोही मान वर न करता. हा प्रसंग घरी खुर्चीत बसून सुचला नसता. कार्यालयाच्या रीतीतच तो होता. माहिती काढायची ती यासाठी: तिच्यात कथेची वळणं सापडतात. भिंतीवरच्या पंख्याचं आणि धुळीच्या कपाटाचं वर्णन त्यापुढं किरकोळ.

संवादांकडे येऊ. चांगल्या संवादात माणसं विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर क्वचितच देतात. टपरीवरचा हा तुकडा बघा:

‘येताना विहिरीवर मोटर दिसली नाही.’
‘काढून ठिवलीया.’
‘का रे?’
‘दोनला चालू हुईल म्हणालेत सर्व्हर.’

जमीन, विक्री, हक्क यांतला एकही शब्द नाही. तरी मोटर काढली म्हणजे रान हातचं जाणार हे शेतीतल्या वाचकाला लगेच कळतं, आणि ज्याला कळत नाही त्यालाही उत्तर टाळलेलं दिसतं. याउलट ‘दिगू, तू मला न विचारता जमीन विकायला काढलीस, याचं मला दुःख झालं आहे’ असं सुमन बोलली तर पुढं लिहायला काही उरत नाही. कच्च्या मसुद्यात पात्रं मनातलं सरळ बोलतात, ते स्वाभाविकच आहे. दुसऱ्या वेळी त्या वाक्यांखाली रेघ मारा आणि प्रत्येकाच्या जागी एखादी वस्तू किंवा वेगळाच विषय ठेवून बघा.

संबोधनं ही मराठी लेखकाच्या हातातली मोठी ताकद आहे. सुमन त्याला ‘दिगू’ म्हणते, तो तिला ‘आक्का’ आणि ‘तू’. बाँडरायटर ‘ताई’ म्हणेल, अधिकारी ‘तुम्ही’. आता घेणारा माणूस आल्यावर दिगंबर चारचौघांत एकदम ‘आक्का, तुम्ही बसा इथं’ म्हणाला, तर त्या ‘तुम्ही’नं दोघांत किती अंतर पडलं हे सांगायला निवेदकाची गरज नाही. फक्त कथेत हे एकदाच करा. आणि त्याआधी निदान आठ-दहा वेळा साधं ‘तू’ वाचकाच्या कानावरून गेलेलं असलं पाहिजे, नाहीतर बदल जाणवत नाही.

बोली वापरायची तर निवेदन प्रमाण मराठीत ठेवा आणि संवादासाठी बोलीची चार-पाच लक्षणं निवडून ती काटेकोरपणे पाळा. इथं ‘हाय, न्हाई, हुईल, ठिवलीया, बी’ एवढी पुरेत. प्रत्येक शब्द मोडून लिहिला की वाचक अर्थ लावण्यात अडकतो आणि पात्र हास्यास्पद दिसू लागतं, जो त्या माणसांवर अन्याय आहे. दुसरी चूक भेसळीची: एकाच तोंडी वऱ्हाडी ‘मले’ आणि मालवणी ‘माका’. बोलीतले बारकावे त्या मुलखाच्या माणसाकडून वाचून घ्या. कोल्हापूरकडच्या कितीतरी बायका-मुली ‘मी जातो’ म्हणतात. हे माहीत नसलेला लेखक तिथं ‘जाते’ लिहितो आणि पात्राचा आवाज नाहीसा होतो. सुमनचंही बोलणं एकसारखं नसेल. निगडीत तीस वर्षं काढलेली बाई मुलाशी फोनवर प्रमाण मराठीत बोलेल आणि भावावर चिडली की बार्शीचं ‘न्हाई’ तोंडात येईल. तिचा राग दाखवायला तेवढं पुरतं.

‘म्हणाला, म्हणाली’ या शब्दांना घाबरू नका. ते वाचकाला दिसतही नाहीत. ‘उद्गारला, पुटपुटली, खिन्नपणे उत्तरली’ हे मात्र दिसतात. दोघंच बोलत असतील तर चार-पाच वाक्यांत एकदा नाव आलं तरी चालतं.

नावांबद्दल छोटीशी गोष्ट: सुमन, सुनीता, सुरेश अशी एकाच अक्षरानं सुरू होणारी नावं एका कथेत ठेवू नका, वाचक गोंधळतो. आणि आपल्याकडे आडनावावरून मुलूख आणि जात वाचली जाते, तेव्हा ते लिहायचं असेल तर विचारपूर्वक लिहा, नाहीतर गाळा.

शेवटाबद्दल सर्वांत जास्त प्रश्न येतात. अधिकाऱ्यानं ‘कबूल आहे ना?’ विचारलं आहे. सुमन काय करते? एक मोह असतो की तिनं कागद फाडावा. पण 2600 शब्द जी बाई आडून विचारत, गप्प बसत आली, ती असं करणार नाही. हा राग लेखकाचा आहे. दुसरा मोह असा की ती ‘हो’ म्हणते आणि एसटीत रडते. तो पहिल्या मसुद्याचा शेवट, निवड न करता आलेला. तिसरी वाट अशी: ती अधिकाऱ्याला उत्तर देत नाही. भावाकडे वळते आणि म्हणते, ‘दिगू, तू विचार.’ आता घेणारा मागं उभा आहे, टोकनं खोळंबली आहेत, आणि निवड अचानक दिगंबरच्या अंगावर येऊन पडली आहे. तो विचारतो. बहुधा अर्धवट, खाली बघून. ती ‘हो’ म्हणते.

तिला हवं ते मिळालं, पण मागून घ्यावं लागलं. दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या असल्यामुळे वाचक कथा मिटवल्यावरही त्यावर विचार करत राहतो. मात्र हे वाक्य, ‘मागून घ्यावं लागलं’, कथेत लिहायचं नाही. ‘हो’ नंतर पुढच्या माणसाचं टोकन पुकारलं जातं इथं थांबता येईल. साडी, परतीची एसटी, निगडीचं घर यातलं काहीही नको. कुठलीही कथा पुरी झाली की शेवटचे 200 शब्द झाकून वाचून बघा. बऱ्याच वेळा कथा त्यांच्याआधीच संपलेली असते आणि ते 200 शब्द लेखकाच्या स्वतःच्या समाधानासाठी असतात.

पहिला खर्डा साधारण 3500 शब्दांचा होऊ द्या आणि तो 3000 वर आणा. मधे निदान पंधरा दिवस जाऊ द्यावेत, म्हणजे आपलं वाक्य आपल्याला परकं वाटायला लागतं. मग कागदावर छापून घ्या. पडद्यावर नजर चुका ओलांडून जाते. एका वाचनात एकच काम करा. पहिल्या वाचनात फक्त नजर पाळली आहे का ते बघा: सुमनला माहीत नसलेलं काही सुटून आलंय का. दुसऱ्यात प्रसंगांची आशा-निराशा तपासा. तिसऱ्यात शब्द. ‘जणू’, ‘अचानक’, ‘क्षणभर’, ‘नकळत’, ‘काहूर’, ‘डोळे पाणावले’, ‘मन भरून आलं’ या शब्दांचा शोध घेऊन प्रत्येक ठिकाणी थांबा. बहुतेक ठिकाणी शब्द काढला की वाक्य बळकट होतं. भावनेचं नाव लिहिलेलं दिसलं की त्या जागी माणसाचा हात काय करत होता ते लिहा: झेरॉक्सची घडी, घडीवर घडी, मग ती उलगडून परत सरळ करणं. शेवटचं वाचन मोठ्यानं. तीन हजार शब्दांना पंचवीस ते तीस मिनिटं लागतात. जिथं श्वास तुटतो तिथं वाक्य तोडा, जिथं आवाज आपोआप नाटकी होतो तिथं मजकूर नाटकी आहे.

तीन जणांना वाचायला द्या, पण ‘आवडली का?’ विचारू नका, त्याचं उत्तर सभ्यपणे ‘हो’च येतं. विचारा: सुमनला काय हवं होतं? कुठं वाचायचं थांबावंसं वाटलं? दिगंबरचा राग आला का? पहिल्या प्रश्नाला दोघांनी ‘जमीन’ असं उत्तर दिलं तर वाचकांना समजावत बसू नका. टपरीचा प्रसंग पुन्हा लिहा. बिघाड बहुधा तिथं असतो.

मग शुद्धलेखन. ते कथेचं मूल्य ठरवत नाही, पण चुकांनी भरलेलं पान संपादकाला दमवतं. निवेदनात ‘असे-तसे’ लिहायचं की ‘असं-तसं’ हे एकदा ठरवा आणि शेवटपर्यंत पाळा. दोन्हींची सरमिसळ सर्वांत जास्त दिसते. विहीर पण विहिरीला, बहीण पण बहिणीला: प्रत्यय लागला की शब्दाच्या शेवटच्या अक्षराआधीचा दीर्घ ई-ऊ ऱ्हस्व होतो (‘शरीर’सारखे संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द सोडून), हा नियम लक्षात ठेवला तर निम्म्या चुका जातात. टंकलेखन युनिकोडमध्येच करा. ‘सातबाऱ्यावर’मधला ऱ्या नीट उमटलाय का ते बघा, तिथं ‘र्या’ होऊन बसतं.

पाठवण्याआधी त्या अंकाचे मागचे दोन अंक मिळवून त्यातल्या कथा वाचा. ‘मनोरंजन’नं 1909 मध्ये पहिला दिवाळी अंक काढला तेव्हापासून कथेला या अंकांत हक्काची जागा आहे, पण प्रत्येक अंकाची आवड निराळी असते, आणि ग्रामीण वास्तवाच्या कथा न घेणाऱ्या अंकाकडे सुमन पाठवून उपयोग नाही. दिवाळी ऑक्टोबर-नोव्हेंबरात असली तरी अंकांची जुळणी उन्हाळ्यातच सुरू होते, तेव्हा कथा मे-जूनपर्यंत पुरी हातात हवी. गणपतीत पाठवलेली कथा चांगली असली तरी तिला पानं उरलेली नसतात. सोबतचं पत्र चार ओळींचं: नाव, पत्ता, फोन, शब्दसंख्या आणि कथा अप्रकाशित असल्याचं विधान. कथेचा आशय पत्रात समजावू नका. एका वेळी एकाच अंकाकडे पाठवा. ठरलेल्या मुदतीत उत्तर आलं नाही, तर कथा मागं घेत असल्याचं कळवून मगच ती दुसरीकडे द्या.